नोकरी मिळाली, समता केव्हा मिळणार?

(बौद्ध नोकरवर्गाच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे जमलेल्या आपणांपैकी बहुतेकजण नोकरवर्गातील आहेत. कोणी मंत्रालयात आहे, कोणी जिल्हा परिषदेत, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत. आणि नव्या पिढीतील पुष्कळ मुलेमुली खासगी कंपन्यांत आहेत. ज्या कचेऱ्यांच्या अंगणात आपल्या पणजोबांना उभे राहावयाची मुभा नव्हती, त्या कचेऱ्यांत आज आपणांस खुर्ची आहे, टेबल आहे आणि टेबलावर नावाची पाटी आहे. ही गोष्ट लहान नाही. परंतु खुर्ची मिळणे ही एक गोष्ट आहे, आणि त्या खुर्चीचा पूर्ण मान व पूर्ण अधिकार मिळणे ही दुसरी गोष्ट आहे. पहिली गोष्ट आपण पुष्कळ अंशी मिळविली आहे. दुसरी अद्याप आपल्या हाती आलेली नाही. ती का आली नाही आणि ती मिळविण्यासाठी काय केले पाहिजे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

गिरणीतील बंद खाते

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. गिरणीचे फाटक त्यांना बंद नव्हते; परंतु विणकाम खाते त्यांना बंद होते. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत विणकराला तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे स्पृश्य कामगारांचे म्हणणे होते. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. अस्पृश्यांनी मात्र कमी मजुरीच्या खात्यांत आयुष्य काढावे, असा तो न्याय होता! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. मालकाच्या अन्यायाविरुद्ध एक होऊ म्हणणाऱ्या कामगारांनी आपल्याच बांधवावर होणारा अन्याय का चालू ठेवावा, असा तो रोखठोक सवाल होता.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वेचेही असेच चित्र उभे केले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळावर राबू शकतो. पण पोर्टर होऊ शकत नाही. कारण काय, तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातील कामही करावे लागते आणि अस्पृश्याचा पाय त्या घरात चालत नाही. रेल्वेच्या कारखान्यांतही तो मजूर असतो, कारागीर किंवा फोरमन नसतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी याच परिषदेत सांगितले.

या दोन उदाहरणांतून निघणारा धडा नीट ध्यानात घ्यावा. नोकरीतील भेदभाव केवळ फाटकाशी उभा नसतो. माणूस आत शिरल्यावर त्याला कोणते काम द्यावयाचे, कोणते शिकू द्यावयाचे नाही, त्याच्या वर कोणाला बसवावयाचे आणि तो किती चढला म्हणजे त्याला थांबवावयाचे, हे जो ठरवितो त्याच्या मनात भेदभाव वास करतो. गिरणीतला धोटा गेला. परंतु ती वृत्ती गेली नाही. आज ती पाणी पिण्याच्या भांड्यावर बहुधा दिसत नाही. ती कामाच्या वाटपात दिसते, बदलीच्या हुकमात दिसते, गोपनीय अहवालाच्या एका शब्दात दिसते, आणि उमेदवाराचे आडनाव ऐकून त्याचे गाव विचारणाऱ्या मुलाखतीत दिसते.

धर्मांतराची किंमत

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काम केले. त्या काळातच, १९४३ मध्ये, अस्पृश्यांना मध्यवर्ती नोकऱ्यांत शेकडा ८⅓ जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९४६ मध्ये हे प्रमाण शेकडा १२½ झाले. आज मध्यवर्ती सरकारात अनुसूचित जातींसाठी शेकडा १५ आणि महाराष्ट्र सरकारात शेकडा १३ जागा राखीव आहेत.

परंतु बौद्धांच्या बाबतीत या इतिहासात एक मोठे खिंडार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू धर्म न मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानू नये असे ठरविले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांना हे ठाऊक होते. आपण दीक्षा घेतली तर आपल्या मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरी जाईल, हे जाणून त्यांनी दीक्षा घेतली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. मध्यवर्ती सरकारने केल्या नाहीत. १९६४ मध्ये पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम या निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्याने उघडपणे बौद्ध धम्म स्वीकारल्याचे जाहीर केले तो अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या जागेवर निवडून येऊ शकत नाही. बौद्धांचा समावेश त्या आदेशात व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत चौतीस वर्षे लोटली होती.

मी हा इतिहास सांगतो तो केवळ तक्रारीसाठी नव्हे. ज्या पिढीने मानासाठी नोकरीवर पाणी सोडले, तिच्या वंशजांनी नोकरीसाठी मानावर पाणी सोडावे काय, हा माझा प्रश्न आहे. आपल्यातील काही सुशिक्षित तरुण खासगी कंपनीत आडनाव चोरतात आणि १४ एप्रिलला रजा मागताना दुसरेच कारण लिहितात. मी त्यांना दोष देत नाही. ज्या ठिकाणी खरे नाव सांगण्याचे भय वाटते, तो दोष त्या ठिकाणाचा आहे. परंतु ते भय नाहीसे कसे करावयाचे, याचा विचार आपणांसच केला पाहिजे.

संघाची ज्येष्ठता सूची

कामाच्या ठिकाणी समता कशी असावी याचा आदर्श शोधण्यासाठी आपणांस परदेशी जावयास नको. तो विनयपिटकात आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी शाक्य राजपुत्र तथागतांकडे प्रव्रज्या घ्यावयास निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनी भगवंतांस विनंती केली की, आम्हां शाक्यांचा अभिमान मोठा आहे. म्हणून आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान गळेल. तथागतांनी तसेच केले.

यातील कायद्याचे मर्म पाहा. संघात ज्येष्ठता जन्मावरून मोजली जात नसे. दीक्षेच्या दिवसापासून आणि वर्षावासांच्या संख्येवरून मोजली जाई. ती एकदा ठरली की राजाचा मुलगासुद्धा ती बदलू शकत नव्हता. आणि पुढे झाले काय? राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे, म्हणजे संघाच्या कायद्याचे, पठण करण्याचा मान याच उपालीला मिळाला. संघाने न्हाव्याला नुसते आत घेतले नाही. त्याला आपल्या कायद्याचा प्रमाणपुरुष केले. ज्यांना आत घेऊन खालीच ठेवावयाचे असते, त्यांची दृष्टी आणि तथागतांची दृष्टी यांतील अंतर येथे कळते.

बढतीची लढाई

आता आपल्या सरकारी नोकरांच्या ज्येष्ठता सूचीकडे वळू. संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने संधीची समानता दिली आणि त्याच्या चौथ्या खंडाने राखीव जागांना आधार दिला. रेल्वेतून निघालेल्या रंगाचारी खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा आधार बढतीलाही लागू आहे. १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका बदलली आणि राखीव जागा पहिल्या नेमणुकीपुरत्याच आहेत असे ठरविले. १९९५ मध्ये संसदेने ७७ वी घटनादुरुस्ती करून बढतीतील आरक्षण परत आणले, आणि ८५ व्या दुरुस्तीने २००१ मध्ये तदनुषंगिक ज्येष्ठताही दिली. नंतर २००६ च्या नागराज निर्णयाने सरकारवर आकडेवारी गोळा करण्याची अट घातली. मागासलेपणाची आकडेवारी अनुसूचित जाती-जमातींसाठी लागत नाही, हे २०१८ मध्ये जर्नैलसिंग खटल्यात स्पष्ट झाले. परंतु प्रतिनिधित्व अपुरे आहे हे दाखविण्याची अट कायम राहिली, आणि ती आकडेवारी संवर्गनिहाय असावी असे २०२२ मध्ये सांगण्यात आले. आपल्या महाराष्ट्रात बढतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविला आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

या निकालांच्या मालिकेतून सामान्य कर्मचाऱ्याने काय घ्यावे? एवढेच की, आज बढतीचा प्रश्न आकड्यांचा प्रश्न झाला आहे. कोणत्या संवर्गात आपली किती माणसे आहेत, हे सिद्ध करणे सरकारचे कर्तव्य आहे. आणि सरकार ते करीत नसेल तर त्याला ते करावयास लावणे हे आपल्या संघटनांचे कर्तव्य आहे.

या ठिकाणी गुणवत्तेचा आक्षेप हटकून निघतो. आरक्षणाने कारभाराची कार्यक्षमता खालावते, असे गेली सत्तर वर्षे सांगितले जात आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वायस्कॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील आकड्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. अनुसूचित जाती-जमातींच्या नोकरांचे प्रमाण वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घटल्याचा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट वरच्या श्रेणींत त्यांचे प्रमाण वाढले तेथे परिणाम चांगला झाल्याच्या खुणा मिळाल्या. ज्या रेल्वेने एके काळी आपणांस पोर्टर होऊ दिले नाही, त्याच रेल्वेच्या हिशेबाने हा आक्षेप खोटा पाडला आहे!

खासगी मालकाचे दार

परंतु आपली खरी अडचण आता दुसरीकडे आहे. सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आहेत आणि आपल्या मुलांना खासगी मालकाच्या दारी जाणे भाग आहे. तेथे १६ वा अनुच्छेद पोहोचत नाही, कारण तो राज्यावर बंधन घालतो. तेथील स्थिती काय आहे? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील जाहिरातींना उत्तर म्हणून सारख्याच शिक्षणाचे आणि अनुभवाचे अर्ज पाठविले गेले. फरक होता तो केवळ नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश भरली, आणि मुसलमान नावाची त्याहूनही पुष्कळ कमी. शिक्षण तेच, अनुभव तोच. फक्त नाव निराळे! मग गुणवत्ता कोणाची तपासली जाते, अर्जदाराची की त्याच्या बापाच्या आडनावाची?

ही झाली दाराची गोष्ट. आता दिवाणखान्याची पाहा. देशातील एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे शेकडा ९३ संचालक पुढारलेल्या जातींचे आढळले; अनुसूचित जाती आणि जमाती मिळून शेकडा साडेतीन. नेमणूक कोणाची करावयाची, कोणाला वर न्यावयाचे, हे ज्या खोलीत ठरते, त्या खोलीत आपले माणूस जवळजवळ नाहीच.

कोणी म्हणेल, अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे ना! तो आहे आणि तो आपण प्राणपणाने जपला पाहिजे. जातीच्या नावाने उघड अपमान करणे, नोकरी-धंदा करण्यास अडथळा आणणे, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. परंतु तो फौजदारी कायदा आहे. अपमान लोकांच्या समक्ष झाला असे सिद्ध करावे लागते, आणि साक्षीदार कोण, तर त्याच मालकाच्या पगारावर जगणारा सहकारी. शिवाय जो साहेब एकही अपशब्द न उच्चारता तुमचे नाव यादीतून नुसते गाळतो, त्याला हा कायदा पकडू शकत नाही.

मालकाच्या खासगी व्यवस्थेत कायद्याने हात घालू नये, असा दुसरा आक्षेप आहे. तो टिकत नाही, कारण कायद्याने हात यापूर्वीच घातलेला आहे. १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह थांबवू पाहणाऱ्या भंवरीदेवी या कुंभार समाजातील कार्यकर्तीवर अत्याचार झाला. त्या दुःखातून १९९७ चा विशाखा निर्णय निघाला आणि २०१३ चा कायदा झाला. आज दहा माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी, ते ठिकाण खासगी असले तरी, स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असली पाहिजे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांसाठी समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन आस्थापनांवर आले. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांसाठी तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन आले. हे तिन्ही कायदे योग्य आहेत आणि आपण त्यांचे स्वागत केले पाहिजे. माझा सवाल एवढाच की, या यादीत जात का नाही? ज्या देशात भेदभावाचे सर्वांत जुने नाव जात आहे, त्या देशात मालकाने जातीविषयी एक ओळ लिहून ठेवण्याचेही बंधन नसावे, हे कसे? भंवरीदेवीवर अत्याचार करणाऱ्यांच्या मनात स्त्री होती तशी जातही होती; परंतु तिच्या दुःखातून झालेल्या कायद्यात जातीला शब्द मिळाला नाही. आपल्या भगिनींना कचेरीत हे दोन्ही भार एकदम वाहावे लागतात.

१९४७ ची मागणी

ही मागणी मी आज नव्याने करीत आहे असे समजू नका. १९४७ मध्ये अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी बाबासाहेबांनी जे निवेदन तयार केले, ते ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या नावाने आपणांस परिचित आहे. त्यात त्यांनी स्पष्ट मागणी केली होती की, सरकारी अधिकाऱ्याने कारभारात किंवा खासगी मालकाने कारखान्यात व व्यापारी पेढीत वंश, धर्म वा सामाजिक दर्जा यांवरून केलेला भेदभाव हा गुन्हा मानावा, आणि असे खटले चालविण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे. खासगी मालक हा शब्द त्यांनी त्या वेळीच लिहून ठेवला होता. संविधानात १७ वा अनुच्छेद आला आणि तो खासगी व्यक्तीवरही बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात मान्य केले. परंतु मालकाच्या भेदभावासाठी ते न्यायाधिकरण मात्र झाले नाही. बाबासाहेबांची ही मागणी पूर्ण करून घेणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

आपण काय करावे?

कायदा होईपर्यंत आपण हात जोडून बसावयाचे नाही. चार गोष्टी मी सुचवितो.

पहिली : कागद जपा. नेमणुकीचा हुकूम, कामाच्या वाटपाचा हुकूम, बदलीचा हुकूम, वरिष्ठांचे पत्र, यांची प्रत घरी ठेवा. तोंडी अपमान झाला तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा. न्यायालयात अश्रूंपेक्षा तारखेला किंमत अधिक आहे.

दुसरी : गोपनीय अहवालावर लक्ष ठेवा. सरकारी नोकराच्या अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळविलाच पाहिजे, मग तो शेरा ‘चांगला’ असला तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त खटल्यात ठरविले आहे. शेरा कळताच मुदतीत लेखी निवेदन द्या. बढती हुकल्यावर दहा वर्षांपूर्वीच्या शेऱ्याबद्दल रडण्यात अर्थ नाही.

तिसरी : बिंदूनामावली पाहा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती मागता येते. किती बिंदू आपले, किती भरले, अनुशेष किती, हे संघटनेने दरवर्षी मागून घ्यावे आणि सभासदांपुढे वाचावे. दाद लागली नाही तर ३३८ व्या अनुच्छेदाखालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे जावे. चौकशीसाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : खालच्या पायरीवरील बांधवाला विसरू नका. आपल्या कचेरीचे संडास कोण धुतो, कचऱ्याची गाडी कोण भरतो, याकडे पाहा. तेथे आपलेच लोक आहेत, आणि आता ते कंत्राटदाराच्या हाताखाली आहेत. त्यांना राखीव जागा नाही, रजा नाही, बढती तर नाहीच. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी संघटित होऊन कित्येक वर्षे दावा लढविला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम नोकरीचा हक्क मिळविला. त्यांच्यापाशी पदव्या नव्हत्या. त्यांच्यापाशी संघटना होती. बँकेतील अधिकारी आणि गटारात उतरणारा कामगार एका विहारात एकाच सतरंजीवर बसतात. त्यांनी एकाच सभासद-पुस्तकातही असले पाहिजे. जो साहेब झाल्यावर आपल्या शिपायाला जात आठवून वागवितो किंवा सफाई कामगाराला नावाने हाक मारीत नाही, त्याने बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा वाचाव्यात.

बंधुभगिनींनो, सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. तिचा अर्थ आपण असा घेतो की, माणसाने दुसऱ्याला इजा होईल असा धंदा करू नये. हा अर्थ खरा आहे. परंतु ज्या कामात माणसाला मान खाली घालूनच भाकरी मिळते, ते कामाचे ठिकाणही सम्यक नव्हे. आणि ते सम्यक करण्याची जबाबदारी मालकावर आहे, सरकारवर आहे, आणि तेथे पाच माणसांचा वरिष्ठ होऊन बसलेल्या आपल्या प्रत्येक बांधवावरही आहे. नोकरी ही आपणांस कोणी दिलेली भिक्षा नाही. ती संविधानाने मान्य केलेला हक्क आहे, आणि हक्क अर्धा घ्यावयाचा नसतो. १९४७ ची मागणी पुरी होईपर्यंत ती प्रत्येक अधिवेशनात, प्रत्येक निवेदनात आणि प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांपुढे ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!